तळ्याच्या राखणदारणीची वही

एका गावाला एक तळं होतं आणि त्या तळ्याला एक राखणदारीण होती. तिचं नाव चिमाबाई.

तळं डोंगराच्या पायथ्याशी होतं. जुन्या काळी कुणीतरी मातीचा लांबलचक बांध घालून ओढ्याचं पाणी अडवलं होतं. बांधाच्या पोटात पाणी सोडायचं एक लाकडी दार होतं. भाताला पाणी हवं असलं की चिमाबाई ते दार उघडायची, पुरे झालं की बंद करायची. रोज सकाळी ती बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायची. घुशीने बीळ केलं असेल तर माती ठोकून बुजवायची, झुडूप उगवलं असेल तर उपटून टाकायची. या कामाबद्दल सुगीला घराघरातून तिला थोडंथोडं भात मिळायचं. एकटा जीव, तेवढ्यात भागायचं.

तिचं आणखी एक काम होतं. त्याबद्दल मात्र तिला कुणी काही देत नव्हतं. दुपारी तळ्याकाठच्या करंजाच्या सावलीत बसून ती लिहायची.

लहानपणी ती पंतोजींच्या शाळेची ओसरी सारवायला जायची. आत मुलगे धूळपाटीवर अक्षरं काढायचे. ही बाहेर ओल्या सारवणावर बोटाने तीच अक्षरं काढायची आणि पंतोजी बाहेर यायच्या आत पुसून टाकायची. अशी ती शिकली. शाई ती घरीच करायची, काजळात बाभळीचा डिंक खलून. कागद तेवढा बाजारातून आणायची, तोही जाडाभरडा.

लिहायची तरी काय? जे दिसेल ते. ‘आज पाणी घाटाच्या नवव्या पायरीच्या खाली गेलं. पायरीवर शिंपले उघडे पडले.’ ‘पाणकोंबडीची काल सात पिल्लं होती, आज सहा. सातवं कुठे गेलं ते दिसलं नाही.’ ‘परटीण आज कपडे धुताना गुणगुणत होती. सासू गेल्यापासून पहिल्यांदाच.’

गावाला याचं मोठं नवल वाटायचं. ना चिठ्ठी, ना पोथी, ना कुणाचा हिशेब, मग ही बाई लिहिते कशाला? जो तो विचारायचा आणि चिमाबाई प्रत्येकाला वेगळंच उत्तर द्यायची. परटिणीला म्हणाली, “विसरायला होतं ना, म्हणून.” पोरांना म्हणाली, “बोटं काळी झाली की मला बरं वाटतं.” पाटलांना म्हणाली, “खरं सांगू का पाटील? मलाही नीटसं ठाऊक नाही.”

बांधाच्या अगदी खाली कुशाबा नावाच्या शेतकऱ्याचं भाताचं खाचर होतं. तो स्वभावाने रोखठोक. त्याने विचारलं, “चिमाबाई, या लिहिण्यानं पोट भरतं का?”

“नाही.”

“मग?”

“पोट भातानं भरतं. हे दुसऱ्या कशासाठी तरी आहे.”

“कशासाठी?”

“तेच बघतेय,” चिमाबाई म्हणाली. कुशाबाने मान हलवली आणि तो नांगर घेऊन गेला.

एका वैशाखात त्या राज्याचा राजा त्या वाटेने चालला होता. उन्हाचा ताव फार होता, म्हणून करंजाखाली टेकला. या राजाला प्रश्न विचारायची भारी हौस. भिंतीवर पाल दिसली तरी ती पडत कशी नाही, हे तो दिवाणाला विचारायचा. चिमाबाईच्या मांडीवरची वही दिसल्यावर तो गप्प कसा बसेल?

“बाई, काय लिहितेस?”

“तळं लिहिते, महाराज.”

“कुणासाठी?”

“कुणासाठीच नाही.”

“मग कशासाठी?”

चिमाबाईने थोडा विचार केला. “एखादी गोष्ट मी नीट बघितली की नाही, ते लिहायला बसल्याशिवाय मला कळत नाही. लिहिताना अडलं की समजतं, इथं आपण बघितलंच नव्हतं. मग उठून पुन्हा बघायला जाते.”

राजाने वही मागून घेतली आणि तो वाचू लागला. एक पान झालं, दुसरं झालं. घोडे पाणी पिऊन तयार झाले, दिवाण दोनदा खाकरला, तरी राजाची मान वर होईना. शेवटी वही मिटून तो म्हणाला, “माझ्या पदरी बारा पंडित आहेत. त्यांच्यापैकी एकालाही पाणकोंबडीचं एक पिल्लू कमी झालेलं दिसलं नसतं. बाई, काही न घेता तू इतकं चांगलं लिहितेस, तर मोबदला मिळाल्यावर किती चांगलं लिहिशील? आजपासून दर पानाला चांदीचं एक नाणं. दर पौर्णिमेला माझा स्वार येऊन पानं घेऊन जाईल.”

चिमाबाई घुटमळली. का ते तिलाच उमगेना. पण तिच्या घराचं गवती छप्पर तीन ठिकाणी गळत होतं आणि मृग जवळ आला होता. तिने हात जोडले आणि हो म्हटलं.

यात वावगं असं काहीच नव्हतं. ज्येष्ठाच्या पौर्णिमेला चांदी आली आणि पावसाच्या आत चिमाबाईच्या घरावर कौलं चढली. पहिल्या सरीत ती मुद्दाम घराच्या मधोमध बसून राहिली. अंगावर एक थेंब पडला नाही. तिला राजाचे मनापासून उपकार वाटले.

स्वार चांदीबरोबर निरोपही आणायचा. “महाराजांना बगळ्याचं पान फार आवडलं. चारचौघांत वाचून दाखवलं.” पुढच्या खेपेला म्हणाला, “मुंग्यांचं पान महाराजांनी अर्ध्यावर सोडलं म्हणे.”

चिमाबाईने मुंग्यांकडे बघायचं सोडलं. बगळे शोधू लागली. बगळा रोज कुठून मिळणार? मग कालचाच बगळा ती आज पुन्हा लिहायची आणि त्याला थोडा आणखी पांढरा करायची. श्रावणात तिच्या पानांत सोनेरी मासे आले. भाद्रपदात एक हरणी पाण्याला आली आणि तिने चंद्राशी चार शब्द बोलूनही घेतले. स्वाराने सांगितलं की हरणीचं पान ऐकून राणीसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. चिमाबाईला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

पानं जास्त, तर नाणी जास्त. तिचं अक्षर मोठं होत गेलं, ओळींमधलं अंतर वाढलं. सकाळी बांधावर फेरी मारायची तर दोन पानांचा वेळ जायचा. हरणी लिहायला बांधावर जायची गरज नव्हती, ती घरात बसूनही लिहिता यायची. फेरी एक दिवसाआड झाली, मग चार दिवसांनी, मग आठवड्याने, आणि पुढे कधी बंद पडली ते तिच्याही ध्यानात आलं नाही.

आषाढात एकदा पोरं दारात आली होती. “चिमामावशी, बांधावर भली मोठी घूस बघितली. चल, दाखवतो.”

“नंतर येते,” चिमाबाई म्हणाली. “आत्ता हातचं पान अडलंय.”

आश्विन लागला. तळं काठोकाठ भरलं होतं आणि खाली भात पिवळं पडू लागलं होतं. एका सकाळी परटीण धापा टाकत आली. “चिमाबाई, बांधाच्या पायथ्याशी पाणी लागलंय बघ. कपडे वाळत घालायला गेले तर पाय बुडला.”

“दरवर्षी थोडं पाझरतं ग,” चिमाबाई म्हणाली. बोरू खाली न ठेवताच म्हणाली.

“दरवर्षीचं नितळ असतं. हे गढूळ आहे.”

चिमाबाई ताडकन उठली. तळ्याची राखण करणाऱ्या माणसाला त्या एका शब्दाचा अर्थ पुरता ठाऊक असतो. नितळ पाणी नुसतं पाझरतं. गढूळ पाणी बांधाची माती आतून कुरतडून बाहेर आणत असतं.

ती धावत गेली. पायथ्याशी मनगटाएवढी धार लागली होती आणि धारेबरोबर तांबडी माती वाहत होती. पाणी आत कुठून शिरतंय ते सापडलं नाही, तर आज ना उद्या बांध बसणार आणि खाली सगळं गाव होतं.

पाटलांनी दवंडी पिटवली. फावडी, टोपल्या, घोंगड्या घेऊन माणसं बांधावर जमली. सगळ्यांनी चिमाबाईकडे बघितलं. “कुठून शिरतंय?” पाटलांनी विचारलं.

चिमाबाईला सांगता येईना. उन्हाळ्यापर्यंत तिला या बांधाचा हातन् हात पाठ होता. आता ती बांध असा बघत होती, जणू परगावाहून आलेली पाहुणी.

“आधी पाणी उतरवायला हवं,” ती म्हणाली. “दार पूर्ण उघडावं लागेल.” एवढं बोलून ती थांबली. दार पूर्ण उघडलं तर ते पाणी पाटात मावणार नव्हतं. ते सरळ कुशाबाच्या खाचरात घुसणार होतं आणि खाचरातलं भात पंधरा दिवसांत कापणीला येणार होतं.

कुशाबा तिथेच उभा होता. त्याने एकदा खाली आपल्या भाताकडे बघितलं. मग दाराशी गेला आणि स्वतःच्या हाताने दार वर ओढलं. पाणी गर्जत बाहेर पडलं. कुशाबाने मान वळवून खाली बघितलं नाही.

पाणी हळूहळू उतरत होतं, पण धार थांबेना. चिमाबाई बांधावर पालथी झोपली आणि पाण्याकडे बघत राहिली. कितीतरी दिवसांनी ती अशी बघत होती. पाणी गढुळलेलं, आतलं काही दिसेना. मग ती म्हणाली, “कुणीतरी भाताचं तूस आणा.”

तूस आलं. तिने मुठीमुठीने ते बांधाच्या कडेने पाण्यावर पसरलं आणि तुसामागोमाग ती पावलापावलाने चालत गेली. सगळीकडे तूस नुसतं तरंगत होतं. बांधालगतच्या चिंचेसमोर मात्र ते सावकाश गोल फिरू लागलं आणि मधोमध बुडून दिसेनासं झालं.

“इथं,” ती म्हणाली.

दोन पट्टीचे पोहणारे उतरले. पाण्याखाली हातभर रुंद भोक होतं, घुशीचंच जुनं बीळ, पाण्याने मोठं केलेलं. घोंगड्यांत चिकणमाती आणि पेंढा बांधून लोकांनी ते गच्च ठासलं. दिवस मावळेपर्यंत धार बारीक झाली, मग नुसता ओलावा उरला. बांध वाचला. कुशाबाचं भात मात्र गाळाखाली आडवं झालं.

ही बातमी राजधानीत जाताना वाटेत बरीच सजली. तिथे पोचली तेव्हा चिमाबाईने एकटीने छातीचा कोट करून बांध तोलून धरला होता. पौर्णिमेला स्वार आला तो निरोप घेऊनच. “महाराज फार खूश आहेत. तुम्ही गाव कसं वाचवलं ते सगळं लिहून द्या. या एका पानाला नाणं नाही, सोन्याचं कडं आहे. दोन दिवस मी चावडीवर मुक्कामाला आहे.”

चिमाबाई करंजाखाली बसली. तिने लिहिलं, ‘त्या दिवशी आभाळ फाटलं होतं.’ मग ती थांबली. आभाळ फाटलं नव्हतं. त्या दिवशी स्वच्छ ऊन होतं. तिने ती ओळ खोडली.

मग लिहिलं, ‘बांधाला बीळ पडलं.’ आणि पुन्हा अडली. बीळ कधी पडलं? मागची पानं राजाकडे गेली होती, म्हणून तिने ती आठवून बघितली. त्यांत बगळे होते, हरणी होती. बांध कुठेच नव्हता.

कधी पडलं असेल? हा प्रश्न तिला बसू देईना. ती वही काखेत मारून उठली. परटिणीकडे गेली. परटीण आठवून म्हणाली, “जमीन ओली तर मला दहा दिवस लागत होती. तू येऊन बघशील असं वाटलं.” मग ती पोरांकडे गेली. “आषाढातच तर सांगितलं तुला,” पोरं म्हणाली. “चिंचेसमोर होती घूस. तू म्हणालीस, नंतर येते.” मग ती चिंचेखाली गेली, उकरलेली जुनी माती बोटाने चाचपून बघितली. त्या मातीवर गवत रुजून वीतभर वाढलं होतं. म्हणजे पोरं म्हणत होती ते खरंच.

चिमाबाई तिथेच बसली आणि लिहू लागली. अक्षर पूर्वीसारखं बारीक झालं होतं. मनात कुणी राजा नव्हता, राणी नव्हती. समोर बीळ होतं आणि ते इथवर कसं आलं हे तिला जाणून घ्यायचं होतं, मग त्या वाटेत तिचं स्वतःचं घर लागलं तरी. एकच पान झालं. पान संपल्यावर तिला कळलं, हे राजाच्या हाती द्यायच्या आधी गावाला वाचून दाखवायला हवं. आणि हेही कळलं की वाचून दाखवलं तर राखणदारी जाऊ शकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर माणसं जमली. स्वारही कुतूहलाने येऊन उभा राहिला. चिमाबाईने वाचलं.

‘आषाढात घुशीने चिंचेसमोर बांधात बीळ केलं. पोरांनी घूस बघितली आणि मला सांगितलं. मी गेले नाही. तेव्हा पाणी बिळाच्या खाली होतं, दोन टोपल्या मातीने काम झालं असतं. भाद्रपदात पाणी बिळाला लागलं. मी घरात हरणी लिहीत होते. हरणी आली नव्हती. आश्विनात दहा दिवस पायथ्याला ओल होती, ती परटिणीने बघितली, मी बघितली नाही. गाव परटिणीने हाक दिली म्हणून वाचलं आणि कुशाबाने दार उघडलं म्हणून वाचलं. कुशाबाच्या खाचरातलं सगळं भात गेलं. ते माझ्यामुळे गेलं.’

कुशाबा उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. “मला वाटत होतं दैवाचा फेरा आहे,” तो म्हणाला. “दैवाला मी काही म्हणालो नाही. आता तुला काय म्हणू?” आणि तो निघून गेला.

पाटील म्हणाले, “चिमाबाई, राखणदारीचं काय ते सुगीनंतर गाव ठरवेल. तोवर रोजची फेरी चुकता कामा नये.”

“चुकणार नाही,” चिमाबाई म्हणाली. तिने ते पान घडी करून स्वाराच्या हातात दिलं. “महाराजांना सांगा, कडं नको. आणि पौर्णिमेला येऊ नका.”

आठ दिवसांनी राजा स्वतःच आला. या वेळी ऊन नव्हतं, थांबायचं काही कारणही नव्हतं. तो करंजाखाली येऊन बसला.

“बाई, गेल्या पाच महिन्यांत हे एकच पान मी दोनदा वाचलं,” तो म्हणाला. “मला एक सांग. मी चांदी दिली, ती चूक झाली का?”

“चांदीची काय चूक, महाराज? कौलं चांगली बसली. पावसाळाभर कोरडी निजले. पण चांदी यायला लागली तशी माझी नजर तळ्यावरून उठली आणि तुमच्या चेहऱ्यावर जाऊन बसली. तुम्हाला काय आवडेल तेच बघत राहिले. तुमच्या चेहऱ्यात घूस कशी दिसणार?”

राजा हसला नाही. त्याने विचारलं, “आणि चांदी घेऊनही नजर तळ्यावर ठेवणारं कुणी असेल का?”

“असेल की. माझ्याच्याने झालं नाही, एवढंच मला ठाऊक.”

“मग आता मला तुझं लिहिलेलं वाचायचं असेल तर?”

“इकडून जाल तेव्हा बसा आणि वाचा. कधी नुसत्या मुंग्या असतील, सांगून ठेवते.”

राजाने दिवाणाकडे बघितलं. दिवाणाने राजाच्या कोठारातून कुशाबाला वर्षाचं धान्य द्यायचा हुकूम लिहून घेतला. धान्य आलं, ते कुशाबाने घेतलंही, पण चिमाबाईशी तो बोलेना. सुगीनंतर गाव बसलं तेव्हा राखणदारी कुणाकडे द्यायची यावर वाद झाला. काहीजण म्हणाले, बाईला काढा. परटीण म्हणाली, “आपली चूक जी असं उघड्यावर वाचून दाखवते, ती पुढची चूक लपवणार नाही.” शेवटी राखणदारी चिमाबाईकडेच राहिली. त्या वर्षी भात मात्र तिला निम्म्या घरांनीच घातलं. सकाळी फेरी, दुपारी वही. त्या हिवाळ्यात तिने मुंग्यांवर ओळीने नऊ पानं लिहिली, कारण मुंग्या मेलेली पाकोळी कशी वळवून नेतात ते तिला कळत नव्हतं.

पुढच्या पेरणीच्या वेळी एका दुपारी कुशाबा करंजाशी आला. उभ्याउभ्याच म्हणाला, “ते चावडीवर वाचलेलं पान राजाकडे गेलं ना?”

“ते गेलं. पण मी त्याची नक्कल करून ठेवलीय.”

“माझ्या खाचराचं त्यात लिहिलंय. दाखव.”

चिमाबाईने पान काढलं. कुशाबाला वाचता येत नव्हतं. तिने त्याचं बोट धरून एका ओळीवर टेकवलं. कुशाबा कितीतरी वेळ त्या काळ्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिला. पिढ्यान्‌पिढ्या त्या खाचरात त्याच्या घरची माणसं राबली होती आणि त्याबद्दल कुणी कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

“एवढंच?” त्याने विचारलं.

“एवढंच. पण खरं आहे.”

कुशाबा खाली बसला. “यात माझं नाव कुठलं, ते सांग,” तो म्हणाला. “आणि ते काढायचं कसं, तेही सांग.”

चिमाबाईने बोरू त्याच्या हातात दिला.

तात्पर्य काढायचं तर ते असं: लिहिण्याबद्दल कुणी काही दिलं तर घ्यायला हरकत नाही, पण लिहिताना नजर देणाऱ्याच्या चेहऱ्यावर ठेवू नये. काही मिळणार नसतानाही जे जाणून घ्यावंसं वाटतं, तेच नीट दिसतं आणि तेच नीट लिहून होतं.